पिल्लाला मनसोक्त हुंगू द्या

तुमचं पिल्लू दर खांबापाशी थांबतं म्हणून पट्टा ओढू नका. त्याच्यासाठी फिरणं म्हणजे मुळात हुंगणंच. माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या जागा साधारण 50-60 लाख, कुत्र्याच्या नाकात जातीनुसार 30 कोटींपर्यंत! त्याच्या नाकपुडीच्या कडेची चीर जवळून बघा. उच्छ्वास तिथून बाजूला जातो, त्यामुळे समोरचा वास विस्कटत नाही आणि ते सलग हुंगत राहू शकतं. किती सुंदर रचना आहे ही!

सकाळच्या फेरीतली पंधरा मिनिटं पूर्ण त्याची. पट्टा लांब आणि सैल ठेवा, गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस घाला. कचराकुंडी आणि उंदराचं औषध टाकलेल्या जागा मात्र टाळाच. शिजलेली हाडं तर अजिबात तोंडात जाऊ देऊ नका.

पावसात बाहेर पडता येत नसेल तर जुन्या टॉवेलच्या घड्यांत पोळीचे तुकडे लपवा. पहिल्यांदा त्याच्यासमोरच लपवा, म्हणजे खेळ कळेल. शोधून शोधून ते छान दमतं आणि चपला कुरतडणंही कमी होतं.

आणि एक, त्याच्या अंथरुणाजवळ फिनाईल वापरू नका. तो उग्र वास त्याला नकोसा होतो, शिवाय पंजे चाटले तर विषबाधेची भीती.