शिकागोच्या झेंड्यावरच्या चार चांदण्या

प्रश्न : माझा नातू शिकागोत शिकतो. त्याच्यासाठी गोधडी शिवते आहे. मधोमध त्याच्या शहराचा झेंडा जोडायचा आहे : पांढऱ्यावर दोन निळे पट्टे, चार लाल चांदण्या. चांदण्यांना सहा टोकं का? आणि या सगळ्याचा अर्थ काय? – एक आजी, सातारा

उत्तर : आजी, शिकागोत मी नऊ वर्षं राहिले. हा झेंडा तिथे टोप्यांवर, मोज्यांवर, दुकानांच्या काचांवर दिसतो आणि कर्तव्यावर असताना मृत्यू आलेल्या अग्निशमन जवानाच्या शवपेटीवरही पांघरतात.

वॉलेस राइस यांनी तो आखला, 1917 मध्ये शहराने स्वीकारला. तेव्हा चांदण्या दोनच होत्या : एक 1871 च्या भीषण आगीची, दुसरी 1893 च्या जागतिक प्रदर्शनाची. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने सर्वधर्म परिषद भरली. विवेकानंद तिथे बोलले हे आपण शाळेतच शिकतो, पण मुंबईचे बी. बी. नागरकरही ब्राह्मो समाजातर्फे त्या व्यासपीठावर होते. नातवाला हे नक्की सांगा. तिसरी चांदणी 1933 च्या प्रदर्शनाची. चौथी 1939 मध्ये आली, पण ती काठीच्या सर्वांत जवळ, कारण ती फोर्ट डिअरबॉर्नची आणि किल्ला सर्वांत जुना, 1803 चा. आज मिशिगन अ‍ॅव्हेन्यूच्या पुलापाशी फुटपाथमध्ये पितळी पट्ट्या बसवून त्याच्या भिंतींची रेघ दाखवली आहे. पहिल्या हिवाळ्यात बुटाने बर्फ बाजूला सारून मी ती शोधली होती.

पांढरे पट्टे म्हणजे शहराचे उत्तर, पश्चिम आणि दक्षिण भाग. पूर्वेला तलावच आहे. वरचा निळा पट्टा मिशिगन तलाव आणि शिकागो नदीच्या उत्तर फाट्याचा, खालचा दक्षिण फाट्याचा आणि कालव्याचा. हा कालवा माझा फार लाडका. पूर्वी नदी शहराची सगळी घाण तलावात नेऊन सोडायची आणि पिण्याचं पाणीही तलावाचंच. 1900 मध्ये कालवा काढून नदीचा प्रवाहच उलटा फिरवला. सांडपाण्यासाठी खणलेल्या कालव्याला झेंड्यावर मानाची जागा देणारं शहर मला मनापासून आवडतं.

सहा टोकं यासाठी, की पाच टोकांची चांदणी अमेरिकेच्या राष्ट्रध्वजावर राज्यांसाठी असते. शहराची वेगळी हवी, असं राइस यांचं म्हणणं होतं.

आता शिवणाचं. झेंडा दोन फूट उंच, तीन फूट लांब धरा. निळे पट्टे चार-चार इंचांचे, वरखाली किंचित कमी पांढरं सोडून. चांदण्या मधल्या पांढऱ्यावर एका ओळीत, प्रत्येकीचं एक टोक सरळ वर. दोन त्रिकोण एकावर एक ठेवून कापू नका, टोकं रुंद येतात. ती अणकुचीदार हवीत. कागदाची अर्धी घडी, मग तिचे तीन भाग, पुन्हा अर्धी, आणि एकच तिरका काप. आधी वर्तमानपत्रावर करून बघा, मगच लाल कापडाला कात्री लावा.