आधी तांबं, मग प्रवाळ

प्रश्न : माझी तीनशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी चार वर्षं उत्तम चालू आहे. तीत दोन क्लाउनफिश, एक यलो टँग, एक रकून बटरफ्लाय आणि एक पिकासो ट्रिगर आहे. आता प्रवाळ ठेवायचे आहेत. त्यासाठी एलईडी दिवा घेतलाय. नायट्रेट ५० पीपीएमच्या आसपास असतं. दोन वर्षांपूर्वी माशांवर पांढरे ठिपके आले, तेव्हा टाकीतच कॉपरचं औषध घातलं होतं. सुरुवात कोणत्या प्रवाळांनी करू?

उत्तर : दिवा सध्या खोक्यातच राहू द्या. तुमच्या पत्रात मला सगळ्यांत जास्त खटकलं ते कॉपर.

माशांना जेवढं तांबं सोसतं, त्याच्या अंशानेही प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगायी मरतात. त्यातून ते पाण्यापुरतं राहत नाही. लाइव्ह रॉक (टाकीतले सच्छिद्र दगड) आणि प्रवाळवाळू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट; त्यावर तांबं चिकटून बसतं आणि पुढे हळूहळू सुटत राहतं. म्हणून आज टेस्ट किटवर शून्य दिसलं तरी मी त्यावर विसंबणार नाही. माझं स्पष्ट मत आहे, दगड आणि वाळू दोन्ही बदला. मात्र एका दिवसात नको. तुमच्या माशांचा अमोनिया पचवणारे जिवाणू त्याच दगडांवर राहतात. नवे दगड वेगळ्या टबात खारं पाणी, हीटर आणि पंप लावून, थोडा अमोनिया देत महिना-दीड महिना पिकू द्या, म्हणजे त्यांवरही ते जिवाणू वाढतील, मग टप्प्याटप्प्याने अदलाबदल करा. वाळूही पाव-पाव भाग काढा. प्रत्येक टप्प्यानंतर अमोनिया तपासा. शेवटी काही आठवडे फिल्टरमध्ये कार्बन आणि धातू शोषणारं रेझिन ठेवा. त्यानंतर दोन-तीन गोगलगायी सोडा. त्या काही आठवडे काचेवर चरत फिरल्या तर पुढे जा.

पण ट्रिगर टाकीत असेल तर तो गोगलगायी फोडून खाईल आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. म्हणून त्याची सोय सगळ्यांत आधी करा. रकून बटरफ्लायही जायला हवा. प्रवाळांचे पॉलिप (प्रवाळातले बारीक जीव) हे त्याचं नैसर्गिक खाणं आहे. पोटभर खायला दिलं की तो प्रवाळांना तोंड लावणार नाही, या भरवशावर राहू नका. दोघांनाही माशांचीच मोठी टाकी असलेलं चांगलं घर शोधा. ते मिळेपर्यंत प्रवाळ थांबू शकतात. क्लाउनफिश आणि टँग खुशाल राहू द्या.

नायट्रेट ५ ते १० पीपीएमपर्यंत आणा, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या दरम्यान. आठवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी बदला, खाणं आवरतं घ्या, स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) नीट लावा. दोन्ही शून्यावर मात्र नेऊ नका. प्रवाळ उपाशी राहतात आणि डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांचा तपकिरी, चिकट थर माजतो. पाणी आरओ-डीआय गाळणीतून शुद्ध केलेलंच हवं. पाण्याचा खारेपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५ च्या खाली असेल तर तो काही आठवड्यांत सावकाश वाढवा.

आता दिवा. प्रवाळांच्या ऊतींत राहणारं सूक्ष्म शैवाल प्रकाशावर अन्न बनवतं. प्रकाश एकदम तीव्र झाला तर प्रवाळ ते शैवाल गमावून पांढरे पडतात. दिवा कमी तीव्रतेवर सुरू करा आणि काही आठवड्यांत वाढवत न्या.

पहिले प्रवाळ म्हणून मशरूम आणि लेदर हे मऊ प्रवाळ घ्या. झोअँथिड जातीचे प्रवाळ सुंदर असतात, पण काहींत पॅलिटॉक्सिन हे जबर विष असतं. हातमोजे आणि चष्म्याशिवाय त्यांना हात लावू नका, आणि ते चिकटलेला दगड कधीही उकळू नका. मऊ प्रवाळांना नियमित पाणी बदलणं पुरतं. कठीण प्रवाळ पुढे आणाल तेव्हा कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम आणि अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) ८ ते ९ डीकेएच स्थिर ठेवावी लागेल.

एक गोष्ट आत्ताच ठरवा. प्रवाळ आले की मुख्य टाकीत कॉपर कायमचं बंद. ठिपक्यांचा रोग पुन्हा आला तर उपचार वेगळ्या टाकीतच होतील. म्हणून पहिल्या प्रवाळाआधी छोटी क्वारंटाइन टाकी उभी करा. नवा मासा आधी तिथे राहील. प्रवाळांसाठी मात्र कॉपर न पडलेलं दुसरं भांडं ठेवा, कारण त्यांच्या बुडाला चिकटून एप्टेशिया नावाचं उपद्रवी समुद्रफूल (ॲनिमोन) घरात येतं आणि एकदा पसरलं की हटता हटत नाही.