रोइंगला नवीन आहेस? आधी एवढंच पक्कं कर

शाळेत कधी मैदानावर उतरला नाहीस म्हणून बिचकू नकोस. चांदवडजवळच्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळ यांनी सैन्यात गेल्यावर, विशी ओलांडून वल्हं हाती घेतलं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने दोन वल्ह्यांनी बोट चालवायच्या शर्यतीत, ते तेरावे आले.

पोहता येत नसेल तर आधी ते शीक. त्याशिवाय बोटीत बसायचंच नाही.

मग क्रम. ताकद हातांत शोधू नकोस, ती पायांत आहे. ओढताना आधी पाय, मग पाठ, शेवटी हात. परतताना, म्हणजे पुढच्या ओढीसाठी पुढे सरकताना, बरोबर उलट. पाय सरळ होण्याआधीच पाठ मागे टाकली की सगळा भार कंबरेवर येतो, आणि नवख्यांची कंबर तिथेच दुखावते. परतीला ओढण्याच्या दुप्पट वेळ घे. मिनिटाला १८ ते २० स्ट्रोक (ओढी) पुरेत. सरकती सीट घाईने पुढे आली की बोटीचा वेग मोडतो.

नेहमीच्या चुका:

- एर्गोमीटरचा (जमिनीवरच्या रोइंग मशीनचा) डँपर, म्हणजे आत जाणारी हवा कमी-जास्त करणारा खटका, १० वर लावणं. ३ ते ५ वर ठेव.
- वल्हं आवळून धरणं. बोटांत अडकव, मनगट सैल ठेव.
- वल्ह्याचं पातं पाण्यात असतानाच आडवं करणं. ते अडकतं आणि मूठ पोटावर आदळते.
- बोट डुलली की वल्ही सोडणं. कधीच सोडू नकोस, बोटीचा तोल त्यांच्यावरच आहे.

रिगिंगची (वल्ही ज्यावर टेकतात त्या आधारांची) मापं, रेसची सुरुवात हे सगळं नंतर बघू. सध्या समोरच्याच्या पाठीकडे लक्ष ठेव आणि त्याच्याबरोबरच पातं पाण्यात टाक, जोर कमी लागला तरी चालेल.