बॉक्सिंग सुरू करतोयस? आधी हे वाच

अरे वा, मस्त! पण पहिल्याच आठवड्यात "प्रो कधी होणार" हे डोक्यातून काढ बरं. युक्रेनचा बॉक्सर लोमाचेन्को बघ, २००८ आणि २०१२ ची दोन ऑलिंपिक गोल्ड खिशात, तरी २०१४ मध्ये प्रोतल्या दुसऱ्याच फाइटला मेक्सिकोच्या सालिदोकडून हरला, कारण ऑलिंपिकसारख्या अॅमॅच्युअर बॉक्सिंगमध्ये तीन राउंड असतात आणि प्रोत वर्ल्ड टायटलला बारा, शिवाय सालिदोनं पोटात, कमरेवर ठोकून ठोकून हैराण केला. चार महिन्यांच्या आत मात्र पठ्ठ्या वर्ल्ड चॅम्पियन! पण त्यामागे लहानपणापासूनची पायांची मेहनत होती.

तर तुला सध्या एवढंच:

- पाय आणि जॅब (पुढच्या हाताचा सरळ पंच). बाकी पंच नंतर.
- हाताला पट्टी बांधायला शीक, साडेचार मीटरवाली घे. मी पहिल्या महिन्यात जोशात नुसत्या ग्लोव्हजवर बॅग ठोकली, मनगट असं सुजलं की इंदूरच्या सराफ्यात भुट्ट्याचा कीसही डाव्या हातानं खाल्ला, मित्र अजून चिडवतात.
- दोरीवरच्या उड्या. कंटाळवाण्या आहेत, मार.

नवीन पोरं श्वास रोखून पंच मारतात आणि मग मिनिटात धापा टाकतात, पंचासोबत नाकानं फुस्स करून श्वास सोड. आणि स्पॅरिंगची, म्हणजे जोडीदारासोबत सरावाच्या फाइटची, घाई नको, कोच म्हणेल तेव्हाच, तेही हेडगार्ड न् माउथगार्ड घालून.

सकाळी पोहे-जिलबी खाऊन लगेच ट्रेनिंगला जाऊ नकोस भिया, आधी ट्रेनिंग मग पोहे. जिलबीचं तुझं तू बघ.