पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतून मुंबईला निघालेल्या नटास

प्रिय गड्या,

टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमाच्या ऑडिशनला काय करू, असं विचारलंयस. सीझनभर रात्री मंडप हसवणाऱ्यानं हे विचारावं याची गंमत वाटली, पण प्रश्न रास्त आहे.

आपल्याकडे नाटक रात्री सुरू होतं ते पहाटेपर्यंत चालतं. शंकरपटाला, बैलांच्या शर्यतीला, आलेला माणूस तिकीट काढून, घोंगडी पांघरून बसलेला असतो. एखादी जागा हसली की तू ती ताणतोस, पडली तर पुढच्या प्रवेशात भरून काढतोस. टीव्हीच्या स्किटमध्ये एवढी सवड नाही. तू कोण, तुला काय हवंय आणि ते का मिळत नाही, हे सुरुवातीलाच कळलं नाही तर पुढचे पंच वाया जातात. म्हणून तुझा सगळ्यात हुकमी प्रवेश घे आणि निम्मा कर. मग पुन्हा निम्मा. तरी हसू आलं तर तो घेऊन ये.

मागच्या रांगेपर्यंत पोचायला तू हात, मान, खांदे सगळं कामाला लावतोस. क्लोजअपमध्ये एक भुवई पुरते. 'चला हवा येऊ द्या'मधले भाऊ कदम आवाज बंद करून बघ. कितीदा ते नुसते उभे असतात! वाक्य समोरच्याचं असतं, हशा यांच्या चेहऱ्यावर येतो.

तुला म्हणतील, "जरा वऱ्हाडी बोल." झाडीबोली वेगळी, हे त्यांना ठाऊक नसतं, त्यावर तिथं भांडत बसू नकोस. मात्र नुसत्या हेलावर हशा घ्यायची सवयही लावून घेऊ नकोस. हेलाला लोक दोन-तीन एपिसोड हसतात, मग कंटाळतात. भारत गणेशपुरे वऱ्हाडी बोलत इतकी वर्षं टिकले, कारण त्या बोलण्यामागे एक अख्खा बेरका माणूस दिसतो.

हिंगणघाटचे सुनील पाल २००५ मध्ये 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज' जिंकले, हे तू पत्रात दोनदा लिहिलंयस. स्पर्धा जिंकता येते रे. खरी दमछाक दर आठवड्याला नवं आणताना होते, आणि तिथं मिमिक्री लवकर संपते. धान खरेदी केंद्रावर ट्रॅक्टर लावून ताटकळलेली माणसं काय बोलतात, वाघ दिसल्यावर सरपंच वनरक्षकाला फोनवर काय सांगतो, ते आत्तापासून वहीत लिहीत जा. मुंबईतल्या लेखकांना हे सुचणार नाही.

आणि सीझन सोडून येऊ नकोस. दिवाळीपासून होळीपर्यंतची कमाई घरी लागते, शिवाय ऑडिशन कुठं पळून जात नाहीत. आपले नट परशुराम खुणे यांना २०२३ ची पद्मश्री मिळाली ती झाडीपट्टीच्या नाटकांतल्याच कामासाठी, हे घरच्यांनाही सांग. तुझ्या बाबांचा राग थोडा उतरेल.

होळीनंतर गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेस पकड. निघण्याआधी फोन कर, पहिले काही दिवस माझ्याकडेच राहा. वही विसरू नकोस.

तुझा,
काका