क्यूएमएलमधली चूक कुठेच दिसत नाही, विंडोही उघडत नाही. शोधू कुठून?

मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडतीसाठी तुम्ही पायसाइड ६ (पायथॉनमधून क्यूटी ही खिडक्या-बटणांची लायब्ररी वापरायचं साधन) आणि क्यूएमएल (क्यूटीची स्क्रीन मांडायची भाषा) यांत पावतीचं ॲप करताय. पायथॉन एकही एरर देत नाही आणि प्रोग्राम गप बंद होतो, असं तुम्ही लिहिलंय.

क्यूएमएल फाइल चुकली तरी ती चालवणाऱ्या इंजिनचं लोड फंक्शन एक्सेप्शन टाकत नाही, म्हणून ट्राय-एक्सेप्ट लावून काही हाती लागत नाही. चूक नुसती वॉर्निंग म्हणून बाहेर पडते आणि रूट ऑब्जेक्ट्सची (फाइलमधून तयार झालेल्या मुख्य विंडोंची) यादी रिकामी राहते. नेहमीच्या नमुना कोडमध्ये यादी रिकामी असली की थेट एक्झिट असतं. तुमचं ॲप तिथेच बंद होत असणार.

इंजिनच्या वॉर्निंग्ज सिग्नलला एक फंक्शन जोडा, तेही लोडच्या आधी. नंतर जोडलं तर चूक होऊन गेलेली असते. फंक्शनला चुकांची यादी मिळते. प्रत्येकीचं टूस्ट्रिंग काढून लॉग फाइलमध्ये लिहा. मग असं काही दिसेल: 'पावती.क्यूएमएल:३२: रेफरन्स एरर: रवेवजन इज नॉट डिफाइन्ड'. म्हणजे चूक ३२ व्या ओळीत. अशा वेळी बहुधा क्यूएमएल बरोबर असतं, पायथॉन मॉडेलच्या रोलनेम्समध्ये (क्यूएमएलला दिसणाऱ्या रकान्यांच्या नावांत) 'रवेवजन'ची नोंद करायची राहून गेलेली असते. ही चूक जास्त फसवी, कारण विंडो उघडते आणि वजनाचा रकाना तेवढा कोरा राहतो. डेलिगेटमध्ये (यादीची एकेक ओळ दाखवणाऱ्या भागात) 'रवेवजन' ही 'रिक्वायर्ड प्रॉपर्टी' करून टाका, म्हणजे रोल नसला तर स्पष्ट एरर येतो.

विंडोजवर आणखी एक अडचण. प्रोसेसला कन्सोल नसला की क्यूटीचे मेसेज एसटीडी-एररवर न जाता डीबगरकडे जातात, त्यामुळे आयडीईच्या (कोड लिहायच्या प्रोग्रामच्या) खिडकीत काही उमटत नाही. रन कॉन्फिगरेशनमध्ये 'क्यूटी_फोर्स_एसटीडीईआरआर_लॉगिंग' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करा. 'क्यूटी_फेटल_वॉर्निंग्ज' मात्र मी लावणार नाही, फॉन्टच्या किरकोळ वॉर्निंगलाही ॲप कोसळतं.

कमिट करण्याआधी 'पायसाइड६-क्यूएमएललिंट' (क्यूएमएल न चालवता त्यातल्या चुका तपासणारं साधन) चालवाच. कॉन्टेक्स्ट प्रॉपर्टी (पायथॉनमधून क्यूएमएलला थेट दिलेली नावं) वापरल्या असतील तर 'अनक्वालिफाइड ॲक्सेस'चा पाऊस पडेल, कारण पायथॉनकडून आलेली नावं लिंटला माहीत नसतात.

दुकानातल्या मशीनसाठी पायइन्स्टॉलरने (पायथॉन प्रोग्रामची चालवता येणारी फाइल करणारं साधन) बांधताना पहिली बिल्ड 'विंडोड' (कन्सोलशिवाय) नको, कन्सोलसह करा. 'मॉड्यूल इज नॉट इन्स्टॉल्ड' आलं तर 'क्यूएमएल_इम्पोर्ट_ट्रेस' १ करून चालवा, इंजिन कुठल्या फोल्डरांत शोधतंय ते ओळीने दिसतं.