आंब्याचे पहिले कलम लावताना

आपण परसात केसरचे कलम लावणार आहात, याचा आनंद वाटला. सुरुवातीला मोजक्याच गोष्टी सांभाळाव्यात.

सर्वांत महत्त्वाचा आहे तो कलमाचा जोड, म्हणजे खालच्या रोपावर केसरची काडी जिथे बसवलेली असते ती जागा. तो मातीच्या वरच राहिला पाहिजे, आणि त्याखालून फुटणारे धुमारे दिसताच काढावेत, कारण ते खुंटाचे, म्हणजे त्या खालच्या रोपाचे, असतात आणि जोमाने वाढून वरच्या केसरला मागे टाकतात; माझे पहिले झाड अशाच दुर्लक्षामुळे गावठी रायवळ होऊन बसले.

नवशिक्यांना खत कमी पडण्याची भीती वाटते, पण रोपे अधिक मरतात ती साचलेल्या पाण्याने. पंचगंगेकाठची काळी माती पाणी धरून ठेवते आणि कोल्हापुरातला जुलैचा पाऊस आपल्याला ठाऊकच आहे. म्हणून मे महिन्यात साधारण 1 मीटर लांब, रुंद व खोल खड्डा खणून उन्हात तापू द्यावा, नंतर माती व कुजलेले शेणखत जमिनीपेक्षा थोडे उंच भरावे आणि पावसाच्या सुरुवातीला लागवड करावी. प्लास्टिकची पिशवी मात्र आठवणीने काढावी; ती तशीच पुरणारेही मी पाहिले आहेत.

पहिली तीन वर्षे मोहोर खुडून टाकावा. जिवावर येते, पण खोड तयार होते. छाटणीचे नंतर पाहू.